पुरोहिताचा वाटा

माझ्या घरून कुणी न जेवता गेलं, असं टेक्ससच्या प्लेनो गावातल्या आमच्या एवढ्या वर्षांत एकदाच घडलं, आणि ते माझ्या होणाऱ्या जावयाच्या आजीने घडवलं. 'न जेवता' म्हणणंही अगदी खरं नाही. आजींनी एक केळं खाल्लं. स्वतः सोललं, स्वतः खाल्लं, साल कागदी रुमालात गुंडाळून स्वतःच कचऱ्यात टाकली आणि मला म्हणाल्या, "फार छान होतं." त्या केळ्यात माझं कर्तृत्व एवढंच, की मी ते दुकानातून आणून ओट्यावर ठेवलं होतं. त्याचं कौतुक मी हसऱ्या चेहऱ्याने ऐकून घेतलं.

टेबलावर तेव्हा पुरणपोळ्या होत्या, मसालेभात होता, कोथिंबीरवडी होती, कोशिंबीर होती, आणि आमटीचा वास असा सुटला होता की शेजारचा कुत्रा कुंपणापाशी येऊन बसला. आजी सगळ्याकडे मायेने बघत होत्या आणि कशालाच हात लावत नव्हत्या. मी आग्रह करायला तोंड उघडलं की माझी लेक टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायची.

"आई, शी कान्ट. इट्स नॉट अबाउट यू," आजींना सोडून परतताना ती गाडीत म्हणाली.

नॉट अबाउट यू! माझ्या ओट्यावर, माझ्या हातचा स्वयंपाक समोर ठेवून पाहुणा केळं खातो, आणि हे माझ्याबद्दल नाही. मग कुणाबद्दल आहे, महापौरांबद्दल?

आजी ज्यू होत्या आणि कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळायच्या. जावई स्वतः काहीही कुठेही खातो, पण त्याचे आईवडील लहानपणीच गेलेले, त्याला या आजीनेच वाढवलेलं. म्हणजे व्याही म्हणा, विहीण म्हणा, माझ्या वाट्याला त्या एकट्याच आलेल्या. त्यांच्या नियमाप्रमाणे नुसतं शाकाहारी असून भागत नाही. भांडं कुठलं, त्यात आधी काय शिजलं, शेगडी कुणी पेटवली, हे सगळं लागतं. लेक हे मला समजावून सांगत होती आणि मला हसू येत होतं, कारण हे सगळं मी लहानपणी ऐकलेलं होतं. माझ्या आईचं सोवळं असंच होतं. तिच्या लोणच्याच्या बरणीला हात लावायचा तर आधी अंघोळ, आणि अंघोळ झाली तरी पाय पुसलेल्या टॉवेलवरून चौकशी व्हायची. त्या सोवळ्याला कंटाळून मी लग्न करून समुद्र ओलांडला, तर ते आधीच इथे येऊन, पर्स मांडीवर घेऊन माझ्या सोफ्यावर बसलेलं.

पण माझी आईसुद्धा दुसऱ्याच्या घरी निदान दूध-पोहे घ्यायची. नुसतं केळं म्हणजे अपमानच.

"तुझ्या लग्नाच्या आधी," मी लेकीला सांगितलं, "त्या आजींच्या पोटात माझ्या हातचं काहीतरी गेलं पाहिजे. कण का असेना. नाहीतर मी बोहल्यापाशी उभी राहणार नाही."

"यू विल," लेक म्हणाली. पण ती माझीच लेक. दोन दिवसांनी तिने तोडगा आणला.

तोडगा होता हाला. म्हणजे ज्यू लोकांचा शुक्रवारचा पाव, अंड्याचा, थोडा गोडसर, वेणी घातलेला. लिहिताना इंग्रजीत सी-एच लिहितात, पण त्यातला ह उच्चारायचा तो घसा खाकरून, माशी गिळल्यासारखा. माझे यजमान आठवडाभर घरात तो उच्चार करत फिरत होते, तेव्हा मी दोनदा त्यांना पाणी नेऊन दिलं. तर आजी दर गुरुवारी हा पाव भाजतात, आणि लेकीने त्यांना विचारलं होतं, की या गुरुवारी आमच्या घरी भाजाल का, आईला शिकायचंय. आजी हो म्हणाल्या. ओव्हन त्या सांगतील तसा शुद्ध करायचा, भांडी-ट्रे नवे आणायचे, जिन्नस त्या सांगतील ते, आणि ओव्हन त्या स्वतः लावणार. म्हणजे मग तो पाव त्या आमच्या घरी बसून खाऊ शकतील.

"आणि मळायचा कुणी?" मी विचारलं.

"यू बोथ."

झालं तर मग. मला तेवढंच हवं होतं.

इथे यजमानांबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा मोठा हात आहे, हात म्हणजे खरोखरीचा हात. यजमान निवृत्त इंजिनियर. नोकरी सुटल्यावर त्यांनी भटजीपण धरलं. प्लेनोत खरा भटजी मिळायला वेळ लागतो, त्यामुळे कुणाचा सत्यनारायण असला, कुणाची वास्तुशांत असली, की हे टॅबलेट घेऊन जातात आणि त्यावर बघून पोथी सांगतात. एकदा मध्येच बॅटरी गेली तर साधुवाण्याची नौका चार्जर मिळेपर्यंत बंदरातच उभी होती. दक्षिणेला हात लावत नाहीत, पण प्रसादाला लावतात, आणि तो नैवेद्य दाखवायच्या आधी. घरी तर विचारूच नका. श्रीखंडाचं पातेलं देवापुढे नेईपर्यंत त्यात बोटाची खूण असतेच. मी ओरडले की म्हणतात, "पुरोहिताचा वाटा असतो, अगं." आणि चोरलेलं खायला गराजमध्ये जातात. टेक्ससच्या जूनमध्ये गराजमध्ये खुर्ची टाकून आनंदाने बसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गुरुवारच्या आदल्या दिवशी ओव्हनची शुद्धी झाली. ओव्हनला एक बटण असतं, ते दाबलं की तो स्वतःला कुलूप लावून घेतो आणि आतलं सगळं जळून राख होईपर्यंत तापत राहतो. बाहेर टेक्ससचा उन्हाळा, आत हा यज्ञ. एसीने हात टेकले. भिंतीवरचं घड्याळ घाम पुसेल की काय असं वाटत होतं. पण संध्याकाळी ओव्हन उघडला तेव्हा माझ्या मनात आलं, आईला हे बटण मिळालं असतं तर तिने मलाही आत घातलं असतं.

गुरुवारी सकाळी लेक आजींना घेऊन आली. तिची शाळेतली नोकरी, ती मुलांना व्हायोलिन शिकवते, त्यामुळे उन्हाळ्यात मोकळी होती. आजी ऐंशीच्या पलीकडच्या, उंचीला माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण मनगटं पैलवानाची. आल्या आल्या त्यांनी ऍप्रन बांधला, ओव्हनमध्ये डोकं घातलं, बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि मान डोलावली. परीक्षेत पहिली आल्यासारखा आनंद झाला मला.

मग अंडी. प्रत्येक अंडं त्या आधी काचेच्या ग्लासात फोडायच्या, उजेडात धरून बघायच्या, आत रक्ताचा ठिपका नाही ना याची खात्री करून मगच परातीत. आमच्याकडे अंडं चालतं, मटण-मासे नाहीत. पण अंड्याकडे इतक्या संशयाने मी कधी पाहिलं नव्हतं. पीठ त्यांनी बरंच जास्त घ्यायला लावलं. का, तर पिठाचा एक विधी असतो, तो थोड्या पिठाला लागत नाही, भरपूर पीठ असलं तरच करायचा असतो. कसला विधी, ते म्हणाल्या नंतर सांगते. साखर, तेल, कोमट पाण्यात फुगवलेलं यीस्ट.

"दूध नाही, लोणी नाही," आजी बोट वर करून म्हणाल्या.

"नो मिल्क, नो बटर," मी म्हटलं. मी ते अगदी मनापासून लक्षात ठेवलं. पुढे माझ्यावर जे बालंट आलं ते पाहता हे नोंदवून ठेवलेलं बरं.

मळण्याच्या बाबतीत मात्र मी त्यांना ऐकवलं नाही, पण दाखवलं. कणीक मळण्यात माझा जन्म गेला आहे. आजी बघत राहिल्या. गोळा लोण्यासारखा झाला, तेव्हा मी सवयीने त्यावर चार बोटं दाबली.

"हे कशाला?" आजींनी विचारलं.

आता काय सांगायचं? आमच्यात कणकेचा नुसता गुळगुळीत गोळा ठेवत नाहीत, तो पिंडासारखा दिसतो म्हणून, आणि पिंड असतात मेलेल्या माणसांसाठी. पाहुण्या बाईला लग्नाच्या तोंडावर हे सांगायचं?

"हवा जायला," मी म्हटलं.

"हवा?" आजींनी गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्वतःची चार बोटं माझ्या बोटांशेजारी दाबली. लेकीने त्याचा फोटो काढला. ती सगळ्याचेच फोटो काढते.

पीठ फुगल्यावर तो विधी आला. आजींनी गोळ्यातून बोराएवढा तुकडा तोडला, डोळ्यांसमोर धरला, हिब्रूत काहीतरी पुटपुटल्या, आणि म्हणाल्या, "ही हाला."

"आणि हे?" मी परातीतल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"हा पाव."

"पण पावालाच हाला म्हणतात ना?"

"म्हणतात. सगळे म्हणतात. मीही म्हणते," आजी म्हणाल्या. "पण खरी हाला ही. जी काढून ठेवतात ती." मग त्या स्टुलावर बसल्या आणि सांगायला लागल्या. त्यांच्या धर्मग्रंथात आज्ञा आहे, की पीठ मळलं की त्यातला पहिला वाटा देवासाठी बाजूला काढायचा. त्या वाट्याचं नाव हाला. तो वाटा जायचा देवळातल्या पुरोहिताला, त्याला स्वतःची शेती नसायची, त्याचं घर त्यावर चालायचं. हळूहळू ज्या पावातून हा वाटा काढतात त्या पावालाच लोक त्याचं नाव लावायला लागले. म्हणजे पावाचं नाव असं, की जे त्या पावात नसतंच. आपण पोळीला गोग्रास म्हणावं तसलाच प्रकार. मला तर ते फारच आवडलं.

स्वयंपाकघराच्या दारात यजमान टॅबलेट घेऊन कधी येऊन उभे राहिले ते कळलंही नाही. "त्याच्याही मागे शब्द कुठून आला यावर मतभेद आहेत," ते म्हणाले. "कुणी म्हणतात पोकळ, कुणी म्हणतात भोक पाडणं, कुणी म्हणतात गोल. जुन्या काळी गोल भाकरीसारखी असेल, मध्ये भोक असलेली." एरवी जगातला कुठलाही शब्द हे गृहस्थ ओढत ओढत संस्कृतपर्यंत नेतात. माझी नजर बघून या वेळी मध्येच थांबले.

"अगदी बरोबर," आजी कौतुकाने म्हणाल्या. त्या माणसाचं कुणी कौतुक केलं की पुढचा आठवडा मला जड जातो.

"आणि पहिला वाटा पुरोहिताचा?" यजमानांनी विचारलं.

"पुरोहिताचा."

"म्हणजे बाकीच्यांच्या आधी?"

"आधी. पण आता कुणी देत नाही. आमचं ते देऊळ फार पूर्वीच पडलं, शुद्धीचे ते नियम कुणाला पाळणं शक्य राहिलं नाही. त्यामुळे आता आम्ही तो वाटा जाळतो." असं म्हणून आजींनी तो बोराएवढा गोळा फॉइलमध्ये गुंडाळला आणि तापत्या ओव्हनमध्ये एका कोपऱ्यात टाकला.

"जाळता?" यजमानांचा आवाज इतका कळवळला की आजींना वाटलं त्यांना उकडतंय. त्यांनी त्यांना पाणी प्यायला सांगितलं.

फॉइल कुठेतरी सुटली असावी. थोड्या वेळाने स्वयंपाकघर धुराने भरलं आणि छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. लेक टॉवेल फडकवत होती, मी झाडू उंच करून बटण शोधत होते, आणि आजी मधोमध उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे नीट जळलं."

मग वेण्या. आजींनी सहा पेडांची वेणी अशी घातली की बोटं दिसेनात. दोन मोठे पाव त्यांनी केले. उरलेल्या पिठाचा एक छोटा त्यांनी मला दिला. मला तिपेडी येते, लेकीच्या केसांवर शाळा सुटेपर्यंत घातलेली आहे, पण केस एवढे फुगत नाहीत. माझी वेणी एका बाजूला लठ्ठ आणि एका बाजूला उंदराच्या शेपटीसारखी झाली. तरी तो माझ्या हातचा पाव होता. आजींनी त्यावर अंडं लावलं, स्वतः आणलेली खसखस भुरभुरली, आणि तिन्ही पाव आत गेले.

पाव बाहेर आले तेव्हा काय वास सुटला म्हणून सांगू! आजी म्हणाल्या जरा निवू देत, मग खाऊ, आणि दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत जाऊन डोळे मिटून पडल्या. लेक त्यांच्या पायाखाली उशी द्यायला गेली. मी एकटी स्वयंपाकघरात, समोर ते पाव.

आता माझी बाजू समजून घ्या. पोळी तव्यावरून उतरली की तिला तूप लागतं. ते लावायचं की नाही असा प्रश्न कुणी विचारत नाही. कोरडी पोळी पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे पाहुण्याला 'कधी जाता' असं विचारणं. शिवाय दूध नाही, लोणी नाही हे मला पाठ होतं, आणि तूप म्हणजे दूधही नव्हे आणि लोणीही नव्हे. तूप म्हणजे तूप. माझ्या आईच्या सोवळ्यात तर तुपाला कशाचाच विटाळ नाही, तुपात तळलेलं काहीही कुणाच्याही घरचं चालायचं. म्हणजे तूप लावून मी तो पाव जास्तच कोशर करत होते. मी माझं घरचं, रवाळ, साजूक तूप काढलं आणि दोन्ही मोठ्या पावांवर सढळ हाताने चोळलं. आरशासारखे चमकायला लागले. छोटा कुठे दिसला नाही, पण मला वाटलं लेकीने फोटोला नेला असेल.

आजी आल्या. दारातच थबकल्या. नाक वर करून वास घेतला.

"हे चमकतंय कशाने?"

"तूप!" मी अभिमानाने सांगितलं. "घरचं. प्युअर."

आजींनी हातातली सुरी खाली ठेवली. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला तेव्हाही कळलं नाही, मी आपली हसतच होते.

आजींनी सगळं फार हळुवारपणे सांगितलं, आणि हळुवारपणे सांगितल्यामुळे ते जास्तच लागलं. मांस आणि दूध त्यांच्यात एकत्र येत नाही. पाव कशाहीबरोबर खाल्ला जातो, म्हणून पावात दुधाचं काही घालायचंच नाही, उद्या चुकून कुणी मांसाच्या सूपबरोबर खाल्ला तर? तूप दुधाचंच.

"पण माझ्या घरात मांस येतच नाही!" मी म्हटलं. "आलंच तर त्याचं त्यालाच चुकल्यासारखं वाटेल."

"माझ्या घरात येतं," आजी म्हणाल्या. "आणि नियम घर बघून बदलत नाही."

हे वाक्य शब्द न शब्द माझ्या आईचं होतं. डोळ्यात पाणीच आलं माझ्या. ओव्हन जाळून काढला, नवी परात आणली, घरभर धूर केला, आणि शेवटी एका चमचाभर तुपाने घात केला. मला खरंच रडावंसं वाटत होतं. तेवढ्यात आजींनी पर्स उघडली आणि मला बरं वाटावं म्हणून की काय, हसत हसत आतून काढलं...

केळं. घरून आणलेलं.

त्या केळ्याचा मला इतका संताप आला म्हणून सांगू! म्हणजे बाईंना घरून निघतानाच माहीत होतं, की मी काहीतरी घोटाळा करणार.

नेमक्या त्या क्षणी गराजचं दार उघडलं आणि यजमान आत आले. मिशीत खसखस.

"बाबा," लेक म्हणाली, "व्हॉट डिड यू ईट?"

"काही नाही," यजमान म्हणाले, आणि त्यांच्या ओठावरून पावाचा एक कण जमिनीवर पडला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

लेक गराजकडे धावली आणि परत आली ती छोटा पाव घेऊन. माझी वेणी! उंदराच्या शेपटीकडचा भाग खाऊन संपलेला, लठ्ठ भाग शिल्लक. पाव बाहेर आल्या आल्या, गरम असतानाच, या गृहस्थांनी तो शर्टाखाली घालून पळवला होता. पोटावर चटका बसला होता तो त्यांनी दुसऱ्या दिवशी दाखवला.

"यावर तूप?" आजींनी एकदम विचारलं.

"नाही हो, कुठलं! कोरडाच," यजमान तक्रारीच्या सुरात म्हणाले. तूप लागायच्या आधीच चोरल्यामुळे ते मिळालं नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

मग आजींनी त्यांची उलटतपासणी घेतली. कशात ठेवला? कागदी रुमालावर. सुरी लावली? नाही, हातानेच तोडत होतो. दुसरं काही बरोबर खाल्लं? नाही, वेळच मिळाला नाही. आजींचा चेहरा उजळत गेला. त्या खुर्ची ओढून बसल्या. "आणा तो इकडे," त्या म्हणाल्या. "हा मी खाऊ शकते."

आणि मी तो पाव उचलून पाठीमागे लपवला.

"नाही," मी म्हटलं. "हा मी देणार नाही."

"आई!"

"अगं उष्टा आहे तो! तोंड लावलंय त्याला ह्यांनी. शेवटी शेवटी चावून खाल्लाय, दात दिसतायत बघ! पहिल्यांदा घरी जेवणाऱ्या पाहुण्याला उष्टं वाढू?"

आजींनी 'उष्टं' म्हणजे काय ते विचारलं. लेकीला सांगता येईना. इंग्रजीत त्याला शब्द नाही, त्यामुळे मी सांगत सुटले. की एकाच्या तोंडाला लागलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही, वाढताना डाव ताटाला लागू द्यायचा नाही, चमचा तोंडात घालून परत भांड्यात घालायचा नाही, आणि एका कोपऱ्याला तोंड लागलं की अख्खी वस्तू उष्टी. देवाला तर नाहीच, आणि पाहुणा म्हणजे देवच. बोलता बोलता कणकेवरच्या बोटांचं खरं कारणही सांगून टाकलं.

आजी ऐकत राहिल्या. एका बाजूला दोन चमकणारे पाव, जे त्या खाणार नव्हत्या. दुसऱ्या बाजूला अर्धा पाव, जो मी वाढणार नव्हते. टेबलावर मध्ये केळं.

"यू टू आर द सेम पर्सन," लेक म्हणाली आणि खुर्चीत कोसळली.

आजी हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "माझ्या नियमाला पळवाट नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या नियमाला आहे?"

मी विचार केला. आई असती तर तिने तो पाव थेट बाहेर गाईला घातला असता, आणि प्लेनोत गाय नसती तर गाय शोधायला मला पाठवलं असतं. आई आता नाही. समोर ही दुसरी बसली होती, पैलवानी मनगटांची, भुकेली, आणि माझ्या हातचा पाव मागत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सोवळं पाळणारं माणूस माझ्याकडे काहीतरी मागत होतं.

मी आजींचीच सुरी घेतली, दातांच्या खुणेच्या चांगली दोन बोटं अलीकडे धरली, डोळे मिटले आणि कापलं. खुणेचा तुकडा यजमानांच्या हातात दिला, उरलेला नव्या कागदी ताटलीत ठेवून आजींपुढे सरकवला. "क्षमा कर गं," मी मनात म्हटलं, ते आईला.

आजींनी हात धुतले, हिब्रूत काहीतरी म्हणाल्या, आणि खाल्लं. माझ्या हातच्या तिपेडीचा लठ्ठ भाग. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि टक लावून बघत होते. त्यांनी चावला, गिळला, आणि दुसरा तुकडा तोडला.

"वेणी भयंकर आहे," त्या म्हणाल्या. "पाव चांगला आहे."

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि उगाचच नळ सोडला, कारण मला पुन्हा रडू यायला लागलं होतं, या वेळी आनंदाने, आणि ते दाखवायची माझी तयारी नव्हती.

"मी काय म्हणतो," मागून यजमान म्हणाले, "त्यांनीच सांगितलं ना, पहिला वाटा पुरोहिताचा. मी आपला माझा वाटा घेतला."

मी वळून त्यांना चांगलं सुनावणार होते. पण आजींनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही पुरोहित आहात?"

"तसा आहे," यजमान म्हणाले. "टॅबलेटवर."

"किती शतकं झाली," आजी म्हणाल्या, "आमच्या बायका तो घास जाळतायत. खाणारं कुणी येतच नाही म्हणून. आज एक आला, तर त्याने विचारलंसुद्धा नाही." पुन्हा खांदे हलायला लागले. मग त्यांनी पर्स बंद केली, टेबलावरचं केळं उचललं आणि दोन्ही हातांनी, अगदी विधी करावा तसं, यजमानांच्या हातात ठेवलं. "हे पण घ्या. पुरोहितासाठी."

यजमानांनी ते कपाळाला लावून घेतलं. मी लगेच काढून घेतलं, कारण त्या केळ्याला जी योग्यता आली होती ती या माणसाच्या पोटात घालवायची नव्हती. ते केळं मी आत नेऊन देवापुढे ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं आणि आजींना गाडीपर्यंत सोडायला गेले. उरलेला अर्धा तुकडा त्यांनी फॉइलमध्ये बांधून शुक्रवारसाठी बरोबर घेतला होता. गाडीची काच खाली करून त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी. आणि तूप कुलपात."

परत आले, तर देवापुढे नुसती साल होती.